डोलीत बसावे का?

पावसाळा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील ज्येष्ठांची सहल अजिंठ्याला गेली होती. सोमवारी लेणी बंद असतात म्हणून मंगळवार निवडला. सकाळी साडेसहाला सर्वांनी क्रांती चौकात, पुतळ्याजवळ जमायचे ठरले होते. ठरल्याप्रमाणे निम्मे लोक सहाला आले आणि उरलेले सातला. सिल्लोडमार्गे शंभर किलोमीटरचा प्रवास, वाटेत रोझरीची प्रार्थना, मग गाणी, मग चिवडा. सहलीत जे जे व्हायचे ते सर्व यथासांग झाले. त्याचे वर्णन करण्यासाठी हा लेख नाही. परतीच्या वाटेवर एका आजींनी एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर बसमधल्या कोणालाच नीट देता आले नाही. तो प्रश्न आम्ही तुमच्यापुढे ठेवत आहोत.

अजिंठ्याला जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे की फर्दापूरच्या टी-पॉइंटला आपली गाडी थांबवावी लागते. तिथून पुढचे चार किलोमीटर एस.टी.च्या बसने जायचे आणि मग पायऱ्या चढायच्या. या पायऱ्यांच्या तोंडाशी डोलीवाले उभे असतात. खुर्चीला दोन बाजूंनी दांडे बांधलेले, चार माणसे खांदा देतात आणि ज्याला चढवत नाही त्याला वर नेतात. आमच्या या आजींनी ऐंशी ओलांडलेली. गुडघे कामातून गेलेले, पण लेणी पाहण्याची इच्छा पन्नास वर्षांची. त्यांच्यासाठी डोली केली.

आम्ही डोलीच्या बाजूने चालत होतो. मध्यावर डोली टेकली तेव्हा आजींनी पुढच्या मुलाला विचारले, "बाबा, सकाळचं काही खाल्लंस का?" तो म्हणाला, "एक खेप झाल्यावर खाऊ, आजी." "दिवसाला किती खेपा होतात?" "कधी तीन. कधी एकबी न्हाई." आजी गप्प झाल्या. पुढे बुद्धाची चित्रे त्यांनी हात जोडून पाहिली, पण त्यांचे लक्ष तिथे नसावे असे वाटले.

परतताना सिल्लोड सोडल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "माझे सासरे सायबाच्या सामानाची वेठ करायचे. डोक्यावर बोजा घ्यायचा आन् पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन टाकायचा. त्यांचा खांदा शेवटपर्यंत दुखायचा. आज मी चार पोरांच्या खांद्यावर बसले. हे बरं केलं का मी?"

मराठवाड्यातल्या आपल्या धर्मग्रामांत असे सासरे आणि आजोबा बऱ्याच घरांत होऊन गेले. निजामाच्या राज्यात गावगाड्याच्या तळाशी असलेल्यांना वेठ चुकत नसे. म्हणून आजींचा प्रश्न ऐकून बसमध्ये आधी शांतता पसरली आणि मग चांगलाच वाद झाला.

एक पक्ष म्हणाला, माणसाने माणसाच्या खांद्यावर बसूच नये. देवाने प्रत्येकाला आपल्या प्रतिरूपात घडवले असे आपण म्हणतो आणि पैसे मोजून त्याच्या मानेवर बसतो. दुसरा पक्ष म्हणाला, तुम्ही बसला नाहीत तर त्याची चूल पेटायची नाही. तुमची सदसद्विवेकबुद्धी शाबूत राहील, पण उपास त्याला घडेल. तो चोरी करत नाही, भीक मागत नाही, राजीखुशीने कष्ट करतो. मग त्यात वावगे काय?

"राजीखुशीने" हा शब्द आम्हाला त्या वेळीही खटकला होता. घरी आल्यावर थोडे वाचन केले. आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने बिगार आणि सक्तीची मजुरी यांना बंदी केली आहे. सक्ती म्हणजे काय, हा प्रश्न १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दिल्लीत एशियाड स्पर्धांसाठी मैदाने आणि पूल बांधले जात होते आणि तिथल्या मजुरांना किमान वेतनही पुरते मिळत नव्हते. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकालात असा विचार मांडला की सक्ती फक्त चाबकाची किंवा कायद्याची नसते. भूक आणि दारिद्र्य माणसाला इतके अगतिक करतात की समोर येईल ते काम, पडेल त्या मोबदल्यात तो स्वीकारतो. तीही सक्तीच. किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेले काम त्यांनी सक्तीच्या मजुरीत धरले. पुढे या निकालाचा आधार कितीतरी खटल्यांत घेतला गेला. आजींच्या सासऱ्यांची वेठ आणि उपाशीपोटी पहिली खेप करणारा तो मुलगा, यांत अंतर आहेच. याला पैसे मिळतात, तो नाही म्हणू शकतो. पण किती वेळा म्हणू शकतो? ज्या दिवशी एकही खेप झाली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणू शकतो का?

मग डोल्या बंद कराव्यात का? बसमधला तरुण पक्ष हेच म्हणत होता. अशा वेळी माथेरानकडे पाहावे.

माथेरानला मोटारगाड्यांना बंदी. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे लाल मातीच्या चढावरून पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षाने जायचे. हातरिक्षा म्हणजे पुढे एक माणूस ओढणार, मागून एक-दोघे ढकलणार, आणि उतारावर तेच मागचे दोघे तिला अंगाच्या जोराने धरून ठेवणार. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना त्याची मोठी गंमत वाटायची. लोक फोटो काढून घ्यायचे. ही प्रथा अमानुष आहे असे अधूनमधून वर्तमानपत्रात छापून यायचे, पण त्याने काही बदलले नाही. बदल घडू लागला तो हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेने स्वतः न्यायालयाचे दार ठोठावल्यावर. त्यांची मागणी रिक्षा बंद करा एवढीच नव्हती. आम्हाला ई-रिक्षा चालवू द्या, असे ते म्हणत होते. परवाने होते चौऱ्याण्णव. एवढ्याशा लोकांचे ऐकायला बरीच वर्षे गेली. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षाला परवानगी दिली आणि त्या डिसेंबरात मोजक्या ई-रिक्षा धावल्या. पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला की स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी माणसाने माणसाला ओढत नेणे घटनेला शोभणारे नाही आणि सहा महिन्यांत हातरिक्षा बंद झाल्या पाहिजेत. त्याच निकालात ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. शासनाने ई-रिक्षा घेऊन त्या खऱ्याखुऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने चालवायला द्याव्यात, गुजरातेत केवडियाला जशी योजना आहे तशी. आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले.

या निकालातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. बसमधले आमचे दोन पक्ष, एक माणसाच्या प्रतिष्ठेचा आणि दुसरा पोटाचा, जणू एकमेकांचे वैरी असल्यासारखे भांडत होते. न्यायालयाने दोन्ही एकाच वाक्यात बांधले. प्रतिष्ठा राखायची म्हणून भाकर काढून घ्यायची नाही आणि भाकर मिळते म्हणून अप्रतिष्ठा चालू ठेवायची नाही. अर्थात हे न्यायालयाला सुचण्याआधी ओढणाऱ्यांनाच सुचले होते. ज्याच्या खांद्याला घट्टे पडतात त्याला उपायही ठाऊक असतो. आपण विचारत नाही, एवढेच.

पण माथेरानची गोष्ट इतकी सरळही नाही. तिथे घोडेवालेही आहेत. ई-रिक्षा आली की घोड्यावर कोण बसणार, ही त्यांची भीती. त्यांनी विरोध केला आणि तो खोटा नव्हता. त्यांचीही लेकरे शाळेत जातात. डोंगराचे पर्यावरण जपू पाहणाऱ्यांची काळजी वेगळी, कारण २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि आज रिक्षा आली तर उद्या रस्ता आणि परवा मोटारी येतील अशी त्यांना धास्ती. दोन गरिबांच्या हिताची टक्कर होते तेव्हा गप्प बसलेल्या तिसऱ्याचेच फावते, हे आपण आपल्या शहरातही पाहतो.

सरकारी कागदांत या सगळ्यांसाठी एक शब्द आहे, "संबंधित घटक". आपल्याकडे नोटिशीच्या खाली लिहिलेले असते, "संबंधितांनी नोंद घ्यावी". गंमत अशी की नोंद घ्यायला संबंधितांना सांगतात, पण निर्णय घेताना त्यांना बोलावतात असे नाही. पर्यटनाच्या बैठका होतात त्या मोठ्या हॉटेलांच्या वातानुकूलित सभागृहांत. हॉटेलवाले असतात, टूर कंपन्या असतात, अधिकारी असतात. डोलीवाला, फेरीवाली, खोल्या झाडणारी बाई आणि पाहुण्यांच्या गाडीचा ड्रायव्हर तिथे सहसा नसतात. ज्यांना सभागृहात खुर्ची मिळत नाही ते क्रांती चौकात येऊन बसतात. धरणे म्हणा, उपोषण म्हणा, आपल्या चौकाला त्याची सवय आहे. २०१६ साली ९ ऑगस्टला लाखोंचा पहिला मराठा मूक मोर्चा याच चौकातून निघाला होता. त्या मागण्यांबद्दल कोणाचे मत काहीही असो, ऐकून घेणारे कोणी नसले की माणसे रस्त्यावर येतात, इतके तर तो चौक रोज शिकवतो. वाहतूक खोळंबली म्हणून आपण चरफडतो आणि मिस्साला उशीर झाला म्हणून त्या बसलेल्यांना बोल लावतो. आम्हीही लावला आहे.

जगाच्या पातळीवर या विषयाचे नियम नाहीत असे नाही. जागतिक पर्यटन संघटनेने १९९९ मध्ये पर्यटनाची नीतिसंहिता तयार केली. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये उद्योगधंदे आणि मानवी हक्क यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. हक्कांचे रक्षण सरकारने करावे, त्यांचा आदर धंद्याने राखावा, आणि इजा झालीच तर दाद मागायला जागा असावी, असा त्यांचा रोख आहे. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्याशी धंद्याने आधी बोलावे, हेही त्यांत आहे. कागद चांगले आहेत. पण ते जिनिव्हाहून फर्दापूरला पोहोचायला फार वेळ लागतो.

अजिंठ्याचेच घ्या. दगड, मणी आणि मूर्ती विकणाऱ्यांची दुकाने पूर्वी लेण्यांच्या पायथ्याशी होती. जपानच्या कर्जसाहाय्याने अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकासाचा प्रकल्प आला आणि वाहनांबरोबर दुकानेही टी-पॉइंटला गेली. धुराने चित्रे खराब होऊ नयेत हा हेतू योग्यच होता, त्याबद्दल आमची तक्रार नाही. चित्रे वाचली तर लाभ साऱ्या जगाचा. जागा सोडण्याची तोशीस मात्र गारगोट्या विकणाऱ्याने सोसायची. एखाद्या चांगल्या कामाची किंमत कोणाच्या खिशातून जाते, हा प्रश्न त्या कामाच्या चांगुलपणामुळे मिटत नाही. त्याच प्रकल्पातून २०१३ मध्ये टी-पॉइंटजवळ भव्य अभ्यागत केंद्र उभे राहिले. आत लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती, म्हणजे ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत अशा आमच्या आजींसारख्यांसाठीच जणू. काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकबाकीपायी ते बंद पडले. ते नीट चालते तर त्यात डोलीवाल्यांची पोरे वाटाडे म्हणून काम करू शकली असती. हे आम्ही आपले मनाने म्हणतो, पण तसे त्यांना कोणी विचारले असते तर त्यांनी याहून चांगले काही सुचवले असते.

आपल्या महाराष्ट्राला याबाबत बाहेरून शिकायची गरज नाही. १९६९ साली इथे माथाडी कायदा झाला. डोक्यावर ओझी वाहणाऱ्या हमालांसाठी मंडळे नेमली गेली. त्यांवर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने, शिवाय शासनाचे. मालकाने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी द्यायचे. त्या व्यवस्थेत आज कितीही दोष शिरले असले, तरी ओझे वाहणारा माणूस मालकाशेजारी खुर्चीवर बसून आपल्या मजुरीचा दर ठरवतो, ही कल्पना मराठी भूमीत रुजली. धान्याचे पोते उचलणाऱ्यासाठी एवढा विचार झाला. मग माणूस उचलणाऱ्यासाठी का होऊ नये?

२०१४ च्या फेरीवाला कायद्यातही तेच सूत्र आहे. शहर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवायचे नाही. आपल्या शहरात २०२३ च्या फेब्रुवारीत जी-२० च्या महिला गटाची बैठक झाली तेव्हा भिंती रंगल्या, कुंड्या आल्या, शहर नटले. पाहुण्यांसाठी घर आवरावे, त्यात गैर नाही. पण आवरताना घरातल्या माणसांना अडगळ समजायचे नाही, एवढे भान समारंभाच्या घाईत राहत नाही. ते राहावे म्हणून तर कायदा लागतो.

इथवर आम्ही सरकारला आणि हॉटेलवाल्यांना बोल लावला. ते सोपे असते. आता आमचे सांगतो.

त्या दिवशी दुपारी टी-पॉइंटला झाडाखाली सर्वांनी डबे उघडले. पोळ्या, सुके मटण, लोणचे, शेवटी केळी. जेवणाआधीची प्रार्थनाही झाली आणि तीत उपाशी माणसांची आठवण झाली. जेवण उरकून हात धुताना सिस्टरांनी विचारले, "ड्रायव्हरदादांना कोणी वाढलं का?" कोणी वाढले नव्हते. चाळीस माणसांतल्या एकालाही आठवण झाली नव्हती. तो आपल्या सीटवर पाय वर घेऊन झोपला होता. आदल्या रात्री दोनला नाशिकचे भाडे सोडून तो आला होता आणि साडेसहाला चौकात हजर होता. आम्ही त्याला उठवून उरलेले वाढले. तो म्हणाला, "सवय आहे." ते ऐकून आम्हाला जेवण नकोसे झाले असते, पण आम्ही आधीच जेवलो होतो.

त्याला चार तासही झोप मिळाली नव्हती आणि आपली चाळीस म्हातारी माणसे त्याच्या हाती होती. म्हणजे त्याचा हक्क आणि आपला जीव एकाच स्टिअरिंगवर होता. बस ठरवताना आम्ही दर विचारला, ए.सी. विचारला, म्युझिक सिस्टीम विचारली. चालक आदल्या रात्री कुठे होता, हे विचारले नाही. २०२३ मध्ये तमिळनाडू सरकारने बांधकाम नियमांत बदल करून हॉटेलांना पाहुण्यांच्या चालकांसाठी झोपण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय करणे बंधनकारक केले. आपल्याकडे किती चालक हॉटेलच्या आवारात गाडीतच रात्र काढतात, ते शिर्डीला किंवा महाबळेश्वरला मुक्काम केलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. तसेच ढाब्यावर टेबल पुसणारा पोरगा. हॉटेल आणि ढाब्यांवर चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. त्या दिवसाआधी आपण त्या पोराला "ए छोटू" म्हणून हाक मारत होतो. आजही कुठे कुठे मारतोच, आणि चहा लवकर आला की खूश होतो.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मजुरीविषयी जे शिकवले ते नेमके इथे लागू पडते. मजुराने कबूल केले म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. त्याचे आणि त्याच्या घराचे भागले पाहिजे. गरजेपोटी किंवा भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे, हा विचार आपल्या न्यायालयाने १९८२ मध्ये आपल्या वाटेने गाठला. सध्याच्या पोपनी २०२५ मध्ये लिओ हेच नाव घेतले, त्यामागे श्रमिकांच्या प्रश्नाचे हे स्मरण होते असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आपण त्या नावाचे कौतुक केले. पुढे?

आजींच्या प्रश्नाला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. त्या डोलीत बसल्या यात पाप झाले असे आम्हाला वाटत नाही. त्यांनी त्या मुलाला तू जेवलास का म्हणून विचारले. आम्ही चाळीसजणांनी आमच्या चालकाला विचारले नाही. पण प्रेमाने विचारपूस केली म्हणजे देणे फिटले, असेही म्हणता येणार नाही. त्या चौघांना ठरलेला दर, विम्याचा कागद, पावसाळ्यात काम नसेल तेव्हा काही आधार, आणि म्हातारपणी खांदा देता येणार नाही तेव्हाची सोय हवी. यातले आधी काय हवे ते त्यांनाच विचारले पाहिजे. कदाचित ते यातले काहीच आधी मागणार नाहीत. कदाचित म्हणतील, आमच्या पोरांना हे करावे लागू नये एवढे बघा.

धर्मग्राम समितीच्या गेल्या बैठकीत आम्ही हा विषय मांडला. एवढे ठरले की यापुढे सहलीची बस घेताना चालकाच्या विश्रांतीची खात्री करायची, त्याचे पान आपल्या पंगतीत धरायचे आणि त्याचे पैसे सहलीच्या वर्गणीत आधीच मोजायचे. एका सदस्याने विचारले, "यात मानवी हक्काचा काय संबंध? हे साधे माणुसकीचे आहे." दुसरे म्हणाले, माणुसकी आपल्या लहरीवर असते, त्या दिवशी आपण विसरलो, वर्गणीत धरले की विसरता येणार नाही. बैठक नेहमीपेक्षा लांबली. डोलीवाल्यांशी बोलायला दोन-तीन जणांनी अजिंठ्याला जावे असेही ठरले. कोणी जायचे ते अजून ठरायचे आहे.

पुढची सहल वेरूळची आहे. आजींनी पहिले नाव नोंदवले. तिथे कैलास लेणे सपाटीवरूनच पाहता येते, डोली लागणार नाही, असे त्यांना मुद्दाम सांगितले. त्यांना बरे वाटेल असा आमचा अंदाज होता. त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "मग अजिंठ्याच्या त्या पोरांची त्या दिवशीची खेप कोण देईल?"